‘सुवाली’चे इंजिन

नव्या पुलावरून पहिली बस गेली, त्या आठवड्यातच ‘सुवाली’ रिकामी झाली. वर्षानुवर्षे हजीऱ्याच्या बाजूला कामगार पोचवणारी ही प्रवासी बोट सुरतेजवळच्या मगदल्ल्याच्या धक्क्याला बांधलेली राहिली. तापीचे पाणी तिला दिवसातून दोनदा उचलून धरी आणि दोनदा खाली ठेवी. जणू अजून किती वजन उरले आहे हे पाहत असावे. जुने उतारू निरोपाला येत. कठड्यावर हात ठेवून उभे राहत, बाकांवर कधीकाळी कोरलेली आपली नावे शोधत, हळहळत, आणि मग मनगटावरचे घड्याळ पाहून बस पकडायला धावत.

शालिग्राम भोई हळहळला नाही. तो या बोटीचा सारंग. तिचे सुकाणू त्याच्याइतके दुसऱ्या कोणी धरले नव्हते, म्हणून लोक त्याच्या डोळ्यांत पाणी शोधत आणि ते न सापडल्याने थोडे नाराज होऊन परतत. त्याला बोट नको होती. त्याला तिच्या पोटातले इंजिन हवे होते.

त्याचे गाव खानदेशात, याच तापीच्या काठी, उकाई धरणाच्या फुगवट्याला. पाणी चढले तेव्हा शेते गेली, रस्ता गेला आणि दवाखाना पलीकडच्या तीरावर राहिला. मधल्या पाण्यावर डोंगे चालत. पण वारा उठला की डोंगा निघत नसे. गेल्या भादव्यात त्याच्या पुतणीला साप चावला. वारा पडेपर्यंत तिला काठावर, छत्रीच्या आडोशाला निजवून ठेवले होते. वारा पडला, तेव्हा तिला पलीकडे नेण्याचे कारण उरले नव्हते. त्यानंतर गावाने सागाची मोठी नाव बांधायला घेतली. ती आता पूर्ण होऊन, डांबर पिऊन, काठावर पालथी पडली होती आणि इंजिनाची वाट पाहत होती.

बोटीचे मालक ठाकोरभाई मनाने वाईट नव्हते. पण बोट त्यांनी हारुनभाई नावाच्या भंगारवाल्याला विकून टाकली होती, आणि हारुनभाईचा काठ नदीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी होता. तिथेच इंजिन उचलण्याची साखळी होती, तिथेच बोटी कापणारे लोक होते. तिघे धक्क्यावर उभे राहून बोलले.

“बोट कांठे चडावी दे, एन्जिन तारुं,” ठाकोरभाई म्हणाले.

“खुद के दम पे चढ़ानी पड़ेगी, चाचा,” हारुनभाई म्हणाला. “ओहोटी में एन्जिन सूखे में आना मंगता. अगर बीच में कीचड़ में बैठ गई, तो पूरा माल मेरा. एन्जिन भी. पानी पिया हुआ एन्जिन मैं लोहे में तोलूँगा.”

“कबूल,” शालिग्राम म्हणाला.

“पूनम के बाद आना. पानी पूरा चढ़ेगा.”

“नाही. सोमवारी.”

हीच त्याची चूक. समुद्राच्या माणसाने ती केली नसती. श्रावणातल्या त्या रविवारी सुरतेतल्या खानदेशी घरांतून त्यांची देवी कानबाई बसणार होती आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. दर वर्षी उधन्याच्या वस्तीतली कानबाई ‘सुवाली’वरूनच नदीच्या मध्यावर नेली जाई. देवीच्या दिवशी हाती घेतलेले काम अडत नाही, हे शालिग्रामने आईच्या दुधाबरोबर घेतले होते. आणि भरतीचे गणित त्याला ठाऊक असूनही, त्या एका ठिकाणी ते गणित त्याने देवीपुढे ठेवून दिले.

इंजिनवाला लोटू त्याच्याच तालुक्याचा. बोटीच्या पोटात बसून त्याचे अर्धे केस पांढरे आणि उरलेले तेलकट झाले होते. त्याने हे ऐकून हात पुसले.

“आप्पा, भरतीले कानबाई म्हाईत शे का?”

“मंग भरती कोन आनस?”

“चंद्र आनस, आप्पा.”

“चंद्रले कोन आनस?”

लोटूने कपाळावर हात मारला आणि पुन्हा खाली उतरला.

सोमवारी पाणी चढत होते. खानदेशातली तापी एकाच दिशेला जाते, आपल्या मनाचे ऐकत. इथे मात्र समुद्र तिला मागे ढकलतो आणि ती आपल्याच पाऊलखुणांवरून उलटी चालू लागते. शालिग्राम धक्क्याच्या दगडावरली ओली रेघ पाहत होता. आधी कानबाई मध्यावर न्यायची, मग बायकांना धक्क्यावर परत सोडायचे, आणि मग रिकाम्या, हलक्या बोटीने भरतीच्या माथ्यावर काठ गाठायचा, असा त्याचा बेत होता. रेघ दगडभर वर सरकली, तरी उधन्याहून येणारे टेम्पो दिसेनात.

अखेर टेम्पो आले. ताशा वाजत होता. म्हाताऱ्या सुभद्राबाईंच्या डोक्यावर पाट होता आणि पाटावर नारळाची कानबाई, नथ घातलेली, फुलांत बुडालेली. मागे हिरव्या लुगड्यांची आणि सिंथेटिक साड्यांची गर्दी. त्या गर्दीत शालिग्रामची बायको प्रमिलाबाई कपाळाला कुंकू माखून, घामाने निथळत चालत होती.

“कितला उशीर!” शालिग्राम म्हणाला.

“देवीले घाई करता येस का रे भाऊ?” सुभद्राबाई पाटाखालून म्हणाल्या. “दारोदार आरती व्हयनी. एक दार सोडतं, तं त्या घरनी जन्मभर बोलती नही.”

“आते मना गावच मनासंगे बोलाव नही, आशी पाळी शे.”

प्रमिलाबाईने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ती बाजूला आली. गावची ती छत्री, ती ओली सकाळ तिनेही पाहिली होती.

“पानी उतराले लागनं का?”

“अजून नही. पन तुम्हले परत सोडाले वेळ नही उरना. मध्यावर जाऊ, देवीले निरोप देऊ, इकडे येऊ, आन मंग काठ… तवपावत पानी पळी जाई.”

“मंग आमले परत सोडू नका. आम्ही बी काठलोंग येतस.”

“तठे गुडघाभर चिखल शे.”

“खानदेशन्या बाया चिखलले भ्यातीन का?” प्रमिलाबाई म्हणाली आणि तिने बायकांना चढण्याची खूण केली.

बोट भरली. दोरखंड सुटले. शालिग्रामने सुकाणूजवळची दोरी एकदा ओढली. खाली इंजिनाजवळ घंटा एकदा वाजली आणि ‘सुवाली’ थरथरत पुढे निघाली. एक घंटा पुढे, दोन थांब, तीन मागे: इतकीच त्या दोघांमधली भाषा होती, आणि तीत कधी गैरसमज झाला नव्हता.

मध्यावर त्याने दोन घंटा देऊन बोट थांबवली. सुभद्राबाईंनी पाट खाली घेतला. बायकांचे गाणे एकदम हळू झाले. लेकीला वाटेला लावताना आवाज जसे आत ओढले जातात तसे. नारळ पाण्यात गेला, फुले पसरली, आणि चढत्या पाण्यासोबत ती फुले मागे, गावाच्या दिशेला, संथपणे निघून जाऊ लागली. बायका डोळे पुसत होत्या. शालिग्रामने हात जोडले, पण नजर पाण्यावरच ठेवली. मग त्याने दोरी ओढली.

खाडीचे तोंड आले. समोर हारुनभाईचा काठ: अर्धवट कापलेल्या दोन नावांच्या फासळ्या, गॅसच्या टाक्या, वर उभी केलेली तीन खांबांची, साखळीची तिकाटणी. भर वेगात बोट काठाकडे झेपावली आणि काठ एखाद्या अंगणाइतका दूर असतानाच तिचे तोंड गाळात रुतले. सगळ्या बायका एकदम पुढे कलंडल्या. कोणाची तरी परात वाजत वाजत कठड्याखालून पाण्यात गेली.

शालिग्रामला कळले. रिकामी बोट या पाण्यावरून तरून गेली असती. बायकांच्या वजनाने ती खोल बसली होती, आणि पुनवेचे पाणी अजून दोन दिवस दूर होते. दोष नदीचा नव्हता.

त्याने तीनदा घंटा दिली, मग एकदा, पुन्हा तीनदा. बोट हलली नाही. मागे नुसता काळा चिखल उसळत राहिला. झडप उघडून लोटूचे डोके वर आले. चेहरा लाल झाला होता.

“आप्पा, जाळीमा गाळ भरना! इंजिनले पानी भेटत नही. गरम व्हई गये. आते बंद करा, नहीतं जाम व्हई!”

काठावरून हारुनभाई ओरडला, “चाचा, छोड़ दो! पानी खड़ा हो गया!”

खरेच, पाणी उभे राहिले होते. विसर्जनाची काही झेंडूची फुले डेकवर सांडून राहिली होती, ती धक्क्यासरशी पाण्यात पडली होती. ती आता बोटीच्या अंगाशी निश्चल थांबली होती. चढणे संपले, उतरणे सुरू झालेले नाही, अशी ती मधली, श्वास रोखलेली वेळ. ती फार टिकत नाही. इंजिन चालवले तर ते मरणार होते. थांबवले तर गाळ बोटीला धरणार होता, पाणी निघून जाणार होते, आणि मागच्या गंजलेल्या पत्र्यांतून पुढची भरती आत येऊन इंजिन बुडवणार होती.

शालिग्रामने दोरी दोनदा ओढली. इंजिन थांबले. इतक्या अचानक शांतता झाली की बायकांच्या बांगड्या ऐकू येऊ लागल्या.

“जाळी साफ कर,” तो म्हणाला. “बोटले मी झोपू देत नही.”

“कशी?”

शालिग्रामने दोन्ही कठड्यांकडे पाहिले. गाळ जे स्थिर असते त्यालाच धरतो, हे त्याला भोयाचा मुलगा म्हणून लहानपणापासून माहीत होते. रुतलेला पाय सरळ ओढायचा नसतो, डोलवायचा असतो. तो सुकाणू सोडून डेकवर आला.

“सगळ्या बाया डाव्या कठड्याले! पळा!”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रमिलाबाईने पदर खोचला आणि ती धावली. तिच्यामागे सगळ्या धावल्या. बोट किंचित कलली.

“आते उजव्याले!”

“भाऊ, मना गुडघा!” सुभद्राबाई ओरडल्या.

“गुडघा ऱ्हाऊ द्या, मावशी, वजन आना!”

“वजन शे मनाजवळ, पळाले पाय नही!”

कोणीतरी हसले, आणि हसू सगळ्यांत पसरले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. साड्यांचा लोट एका कठड्यावरून दुसऱ्यावर आदळत होता. दोघींनी सुभद्राबाईंना दंडाला धरून चक्क उचलून न्यायला सुरुवात केली. आधी हाताच्या रुंदीएवढी, मग खांद्याएवढी, बोट डोलू लागली. तिच्या बुडाशी गाळ चपचपत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता. झेंडूची फुले मात्र आता हलली होती. समुद्राकडे.

“लोटू!”

खालून फक्त लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज आला आणि एक शिवी.

“लोटू, पानी चालनं!”

“विचारू नका, करू द्या!”

बायकांना धाप लागली होती. एक जण बाकावर बसली. प्रमिलाबाईने तिला हाताला धरून उभे केले. “बठू नको, बाई. तुन्ही माहेरनी वाट शे ही.” ती बाई शालिग्रामच्या गावची नव्हती, पण उठली.

“व्हयनं!” लोटूचा आवाज आला.

शालिग्राम सुकाणूकडे धावला. इंजिन एकदा खोकले आणि थांबले. दुसऱ्यांदा खोकले आणि धरले. त्याने तीनदा घंटा दिली. बोट डोलत होती म्हणूनच सुटली. हातभर, दोन हात मागे सरकली, आणि तिचे तोंड गाळातून मोकळे झाले.

“आते सगळ्या मागे! पार मागे!”

मागचा भाग बायकांनी भरला, तोंड वर उचलले गेले. एक घंटा. मग, जी त्या दोघांच्या भाषेत नव्हती, अशी सलग घंटा, दोरी तुटेपर्यंत. ‘सुवाली’ गाळावरून घासत, किंचाळत, काठाच्या घट्ट मुरुमावर चढली आणि एका कुशीवर अलगद टेकली. इंजिन अजून चालू होते. शालिग्रामला दोरी सापडेना, तेव्हा तो झडपेशी गुडघे टेकून खाली ओरडला, “बस!”

पाणी उतरले. बायका शिडीवरून चिखलात उतरल्या, साड्या गुडघ्यांवर धरून, एकमेकींच्या अवताराला हसत टेम्पोच्या रस्त्याला लागल्या. हारुनभाईने वाकून इंजिनाखालच्या पत्र्याशी बांबू टोचला. बांबूला ओला मुरूम लागला, पाणी नाही. त्याने बांबू फेकून दिला.

“ले जा, चाचा. औरतें किराये पे मिलती हैं क्या? मेरे को हर महीने जरूरत पड़ती है.”

“मिळत नहीत,” प्रमिलाबाई मागून म्हणाली. “मानपान लागस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसकटर घेतलेला माणूस डेकवर चढला. इंजिन बाहेर काढायचे तर त्याच्यावरचे डेक उघडावे लागणार होते. बोटीला पहिला काप तिथेच बसणार होता. काही जुने उतारू पुन्हा आले होते आणि दूर, सुक्या जागी उभे होते. कापणाऱ्याने शालिग्रामकडे पाहिले. सारंगापुढे त्याच्या बोटीवर पहिली ज्योत लावणे त्याला जड जात असावे.

“आप नीचे जाओ, चाचा. देखा नहीं जाएगा.”

शालिग्रामने खिशातून खडू काढला. बाकांच्या दोन ओळींमधल्या पत्र्यावर, जिथे पावसाळ्यात लोक छत्र्या झटकत, तिथे त्याने गुडघ्यावर बसून लांब, सरळ रेघ ओढली. मग आडवी. मग दुसरी लांब, आणि चौकट पूर्ण केली. एका कोपऱ्यावर त्याने रेघ पुसून वीतभर बाहेर घेतली. आत तेलाची नळी होती, तिला आच लागू नये.

“इथून सुरू कर,” तो म्हणाला. “आणि ज्योत उथळ ठेव. खाली लोटू ओले पोते धरून उभा आहे.”

निळी ज्योत लागली. पत्रा लाल झाला, वितळला, रेघेमागून रेघ सुटत गेली. साखळीने पत्र्याचा तो चौकोन वर उचलला, तेव्हा खालच्या अंधारात एकदम श्रावणाचे स्वच्छ ऊन पडले. कारखान्यातून निघाल्यापासून त्या इंजिनाने ऊन पाहिले नव्हते. ते तेलाने काळे, ओल्या पोत्यांत गुंडाळलेले, आणि अगदी शाबूत होते. शेजारी लोटू डोळ्यांवर हात धरून उभा होता.

“आप्पा, साखळी खाली सोडा,” तो खालून म्हणाला. “पहिला बोल्ट ढिला व्हई गया.”