पवनबाबांचं काळं फडकं

हर्सूलला काकासाहेबांच्या घरी त्या गुरुवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पवनबाबांनी टेबल पंख्याच्या मागच्या जाळीला बांधलेलं फडकं सोडलं आणि गर्दीपुढं धरलं. तासाभरापूर्वी ते दुधासारखं पांढरं होतं. आता मधोमध काळंकुट्ट.

"बघा, घरातल्या हवेतली पीडा," बाबा म्हणाले. "तळहाताएवढी निघाली, पोतंभर बाकी आहे. अकरा दिवसांतले चार झाले, उरलेले सात दिवसही कापूर-गुग्गुळ जाळायचा. खिडकी उघडाल तर सगळी परत आत येईल."

फडक्याच्या पाया पडायला रांग लागली.

शेजारी राहणारी रूपाली आरोग्य केंद्रात नर्स होती. तिची नजर कोपऱ्यात काकासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मांडीवर बसलेल्या त्यांच्या नातीवर होती. सहा वर्षांच्या प्रेरणाची छाती सूं-सूं वाजत होती. आधी पोरीला नुसता खोकला यायचा. बाबांच्या चार दिवसांच्या धुरानं ती आता धापा टाकत होती.

"काका, हिला दवाखान्यात न्या," रूपाली म्हणाली.

"पीडा निघताना तरास होतोच म्हणतेत बाबा," काकासाहेब म्हणाले. "तुमीबी फडकं बघितलं ना, सिस्टर?"

यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, हे रूपालीनं ओळखलं. ती बाबांकडं वळली. "बाबा, तुमच्या जीपमध्ये पीडा असंल का हो?"

बाबा हसले. "तिची सावलीसुद्धा नाही तिथं."

"मग तिथं काचा लावून असाच धूप जाळला तरी फडकं पांढरंच राहील. दाखवा की लोकांना."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बाबा जीपमध्ये बसले. काचा वर गेल्या, समोरच्या छोट्या पंख्याला नवं फडकं बांधलं, पायाशी ताटात पेटती धूपदानी. पहिल्या मिनिटाला मंत्र ऐकू आले, तिसऱ्याला खोकला, आणि पाचव्याला दार ढकलून बाबा बाहेर कोसळले. नाकाडोळ्यांतून धारा. वाऱ्यावर हुकूम चालवणारा हा माणूस वाऱ्यासाठी तोंड वासून पडला होता.

रूपालीनं फडकं सोडून दाखवलं. काळं.

"म्हंजी बाबाच्याबी गाडीत पीडा?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"पीडा नाय मावशी, कापराची काजळी. पंखा हवा ओढतो, हवेतला धूर फडक्यात अडकतो. फडकं म्हणजे नुसती गाळणी. आधी यांनीच जाळलं, मग यांनीच दाखवलं. आणि फडक्यात अडकते ती जाड काजळी. बारीक धूर आरपार जातो. चार दिवस तो प्रेरणाच्या छातीत उतरतोय."

काकासाहेब घरात गेले. त्यांनी एकेक खिडकी उघडली. एकीच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या, ती पट्टी नखांनी ओरबाडून काढली. मग नातीला खांद्यावर घेऊन ते रूपालीच्या स्कूटरवर बसले. डॉक्टरांनी दमा असल्याचं सांगितलं, औषधाचा पंप दिला. आठवड्याभरात प्रेरणा शाळेत गेली.

बाबा फुलंब्रीला गेल्याचं कळतं. तिथंही हवा आहे, पंखे आहेत आणि हात जोडणारी माणसंही आहेत.

घरची हवा मंत्रानं शुद्ध होत नाही. आधी धूर बंद करा. रस्त्याची धूळ उडत असेल तेवढा वेळ सोडून खिडक्या उघड्या ठेवा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा. हवा गाळायचं यंत्र घेतलंत तर त्याची जाळी वेळेवर बदला. पण घरात धूर करत राहिलात तर तेही पुरं पडणार नाही. बंद गाडीत धूर कोंडल्यावर न खोकणारा बाबा अजून जन्माला यायचाय. तोवर लेकराची छाती वाजली, की डॉक्टर गाठा.