नऊ पावलांचा रस्ता

आमच्या धाकट्या मंदाचं लग्न झालं त्या वर्षी एसटी थांब्यापासून किल्ल्यापर्यंतचा रस्ता नऊ पावलांचा करण्यात आला. किल्ला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना चालायचा त्रास नको, असं गावाच्या समितीत ठरलं होतं. पाहुणे उतरत, किल्ला बघत, देवळात जात आणि चपलेला वाळू न लागता जेवणाला परत येत.

रस्त्यातून काढलेली लांबी समुद्रात टाकून पाहिली, पण भरतीबरोबर ती परत आली. म्हणून घरोघरी ठेवायला दिली. समितीचा दिगंबर परब वही घेऊन फिरला. बाकीच्यांनी किती ते विचारून अंगठा दिला. मी त्याच वर्षी साक्षरता वर्गात लिहायला शिकलो होतो. वहीत माझं नाव मी स्वतः शोधलं, त्यापुढे सही केली. ज्याला वाचता येतं तो विचारत नाही, असं मला वाटलं.

नावापुढे चार कोस लिहिलेले होते. ते सगळे चूल आणि माजघर यांच्या मधे बसले. बाहेरून घर होतं तेवढंच राहिलं.

"बरा झाला," माजघरातून माझी बायको शेवंती म्हणाली, "आता हवा तरी खेळतली."

मग ती तापाने पडली. तालुक्याचे डॉक्टर एसटीतून उतरले ते अर्ध्या मिनिटात दारात आले. त्यांनी आत वाकून पाहिलं.

"आत रिक्षा जाते का?"

"नाय."

त्यांनी गोळ्या माझ्या हातात दिल्या. पेजेसोबत, दिवस मावळायच्या आत द्या, म्हणाले.

मागच्या दाराने वळसा घालून पाहिला. ते दार आता थेट किल्ल्यात उघडत होतं. तिथे एक बाई फोटो काढत होती, तिने मला बाजूला व्हायला सांगितलं. मी परत चुलीपाशी आलो, पेजेचं भांडं उचललं आणि चालू लागलो.

पहिल्या कोसावर खिडकी आली. बाहेर परब उभा होता.

"काका, धबधब्याचो रस्तो पण आखडलो. दोन कोस तुमच्याकडे टाकलेत."

"माका इचारलंस काय?"

"सही आसा तुमची. तीच चलता."

पायाखालची जमीन सारवलेलीच होती, फक्त ती पुढे पुढे जात होती. शेवंतीचा आवाज मात्र जवळून यायचा.

"खंय पोचलात?"

"येतंय. पेज आणतंय."

"मीठ घातलात?"

"घातलंय."

"सावकाश येवा. धावा नको, सांडात."

मी धावलो नाही. दुसऱ्या कोसावर तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यावर मीच हाक मारली.

माझी बायको शेवंती मार्गशीर्ष शुद्ध नवमीला, बुधवारी, दुपारी वारली. तेव्हा मी चौथ्या कोसावर होतो, धबधब्याचे दोन उरले होते, आणि दूर समोर तिच्या खाटेचा एक पाय दिसू लागला होता.