हजेरीत नसलेला उखा

मित्रांनो, मला हात लावता येणार नाही. मी एक जुना हजेरीचा प्रोग्राम आहे. दोन फ्लॉप्यांत मी सगळा मावतो. सुरतेत, उधन्याच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यासाठी मला बनवलं, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जात.

मला लिहिलं हर्षदाने. खानदेशातून आलेल्या लूम कामगाराची ही मुलगी, नवागामात वाढलेली. मी तिचं पहिलं काम, म्हणून तिने मला फार जीव लावला. कारखान्यातली एक रीत तिला घरातूनच ठाऊक होती. कामगार गावी निघाला की आपले लूम भावाला नाहीतर मेहुण्याला सोपवून जातो. हा बदलीवाला मूळ माणसाच्याच नावावर राबतो, म्हणजे परत आल्यावर लूम हातचे जात नाहीत. हर्षदाने शेठना विचारलं, "शेठ, बदलीवाले का नाम अलग से रखूँ?"

"एक लूम पे एक नाम, बेन. फोकट में झंझट मत बढ़ा."

पहिलंच काम, तिने शेठनी सांगितलं तसंच लिहिलं. आणि मी तर पक्का सांगकाम्या.

सुरुवातीला माझं कौतुक किती! शेठ पाहुण्यांना आणून बटण दाबायचे आणि प्रिंटर करकरत कागद ओकायचा. मलाही जरा शिंगं फुटली होती. आधी वहीत हजेरी मांडणाऱ्या मुकादम काशिनाथला आता कोणी काही विचारेनासं झालं.

अखाजीच्या सणाला हिलाल नावाचा कामगार धुळ्याकडे गावी गेला. त्याचे लूम धाकटा भाऊ उखा चालवू लागला. मी मात्र रोज लिहीत राहिलो : हिलाल, हजर. एका दुपारी उघड्या वायरचा शॉक बसला आणि उखा लूमपाशीच गेला.

चौकशीला सरकारी साहेब आले. शेठनी माझाच कागद पुढे केला. "उखा नाम का आदमी हमारे यहाँ था ही नहीं. चोरी करने घुसा होगा." काशिनाथला सगळं माहीत होतं, पण पोटासाठी तो तोंड दाबून उभा राहिला. माझा शब्द माणसांच्या वर गेला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

काही दिवसांनी हर्षदा दुरुस्तीला आली. शेठ बाजारात गेले होते. उखाची बायको पार्वती थोरल्या दिराला, हिलालला, घेऊन आत आली.

"पोरी, आठे यासनं नाव कोठे शे?" पडद्याकडे बघत तिने नवऱ्याचं नाव विचारलं.

"नही शे, काकू."

"मंग गावले काय सांगू? मना माणूस चोर व्हता?"

हिलाल पुढे झाला. "त्या दिन हजर कोण लिखेल शे?"

"तुमचंच नाव, काका."

"मंग मालेच मरेल लिखी टाक, पोरी. हजर माणूस चोर कसा राही?"

हर्षदा रडत रडत टाइप करू लागली : हिलाल, कामावर असताना मृत. तो कागद घेऊन पार्वती साहेबांकडे गेली. शेठनी ज्याची साक्ष काढली, त्याच यंत्राचा कागद! मेलेला माणूस हजेरीतला कामगार ठरला, आणि साहेबांनी चोरीची ओळ खोडली.

शेठनी हिलालला पुन्हा लूम दिले नाहीत. हर्षदाचं काम काढून घेतलं. माझ्या जागी नवा, रंगीत प्रोग्राम आला. मी आता हर्षदाच्या कपाटात पडून आहे. जिवंत हिलाल माझ्या पोटात मेलेला आहे आणि उखा तर कधी आलाच नव्हता. याचं दुःख मला रोज होतं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणासाठी असं काही बनवायला बसाल. मालकाला विचारा, जरूर विचारा. पण मग लूमपाशी जा, आणि तिथे जो उभा असेल त्याला त्याचं नाव विचारा.