पाचवी फीत

न्योसेनने पाहुण्याचे आधी पाय पाहिले. चैत्रातल्या उन्हात, पाकोक्कूकडच्या धुळीच्या माळावर पांढरे बूट घालून येणारा माणूस किती पाण्यात असणार, हे तिला तेवढ्यावरच कळलं. चेहरा बघायची गरज उरली नव्हती. बघितला तर तोही तसाच निघाला, गुळगुळीत, नुकत्या सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा.

त्याचं नाव झेयालिन. मंडालेच्या ज्या कंपनीच्या दुकानात न्योसेनची लेक यिनमे कामाला होती, त्या कंपनीचा तो खरेदीसाहेब. कंपनी थनाख्याच्या, म्हणजे ज्याची साल उगाळून गालाला लावतात त्या झाडाच्या, अर्काची क्रीम विकायची. लावली की महिन्यात सुरकुत्या जातात म्हणे. जाहिरातीत "जुन्या झाडांचा अर्क" असं छापून बसले होते, आणि आता जुनी झाडं शोधत हिंडत होते. यिनमेने साहेबापुढे बढाई मारली, आमच्या आईकडे आहेत. पाच झाडं देते म्हणून शब्दही देऊन आली, आईला न विचारता.

झाडं होती खरी. घरामागे, ओळीत पाच. यिनमे जन्मली त्या वर्षी तिच्या बापाने, बाथ्वेने, लावलेली. छत्तीस वर्षांत ती जेमतेम मांडीएवढी जाड झाली होती. थनाखा असाच वाढतो, रेंगाळत, आणि साल मुरते ती त्या रेंगाळण्यातच. बाथ्वे गेल्यावरही न्योसेनने त्यांना कोयता लावला नव्हता. सणावाराला एखादी फांदी, बस.

नाही म्हणावं तर पोरीची नोकरी जाणार. हो म्हणावं तर झाडं जाणार. निरोप आल्यापासून न्योसेन दोन रात्री कूस बदलत पडली होती. पण आज नोकरीहून वेगळीच गोष्ट तिला जास्त खात होती. साहेबाबरोबर मोटारीतून उतरलेल्या लेकीच्या गालावर थनाखा नव्हता. त्याच क्रीमची चकाकी होती.

झेयालिनने ओसरीवर बसून हिरव्या चहाला ओठ लावला न लावला आणि क्रीमची डबी उघडून पुढे केली. न्योसेनने हुंगली. गुलाबाचा वास आला.

"ह्यात थनाखा कुठाय?"

"अर्क आहे मावशी. अर्काला वास नसतो."

वास नसलेला थनाखा. न्योसेनच्या मनात आलं, उद्या हा न तापणारं ऊनही डबीत भरून विकेल. तिने सहाण ओढली, दोन थेंब पाणी टाकलं आणि थनाख्याचं खोड फिरवायला लागली. ओसरीभर तो गोडसर, ओलसर वास पसरला. यिनमेने मान दुसरीकडे वळवली, हे तिने पाहिलं.

साहेब मात्र बोलतच होता. पेशी, तारुण्य, परदेशातली तपासणी. मावशींची कातडी बघा, म्हणाला, ह्या वयात! न्योसेनने त्याला सांगितलं की तिची आई ऐंशी वर्षं रोज थनाखा लावायची आणि सुकलेल्या चिंचेसारखी सुरकुतून मेली. पण गाल थंड होते. आम्ही थंडाव्यासाठी लावतो बाबा, तरुण दिसायला कोणाला सवड आहे? साहेब मोठ्याने हसला आणि यिनमेला म्हणाला, हे वाक्य जाहिरातीत घालू, फक्त थोडं बदलून.

मग तो झाडं निवडायला उठला. पिशवीतून मोजपट्टी निघाली, लाल फितींचं भेंडोळं निघालं. घरामागच्या ओळीपाशी क्षणभर थांबला, एका बुंध्याला बोटांनी टिचकी मारली आणि उदारपणे म्हणाला, "ही लहान राहू द्या. वाढू देत."

हसू लपवायला न्योसेनचा हात तोंडावर गेला. बघणाऱ्याला वाटलं असतं धूळ लागतेय.

तो सरळ कुंपणाकडे गेला. तिथली झाडं चांगली कवेत न मावणारी, काटेरी, थनाख्यासारख्याच बारीक पानांची. मोजपट्टी गुंडाळली की त्याचा चेहरा खुलायचा. एक फीत, दुसरी, तिसरी, चौथी. न्योसेन पदर खोचावा तशी लुंगीची गाठ आवळत मागेमागे चालली होती. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून तिने त्याला एक संधी दिली.

"साहेब, ह्या झाडांची चटणी फार छान होते. गूळ घालून."

"फळाशी आम्हाला काय करायचंय मावशी? आम्हाला साल हवी."

संपलं. आता तिच्याकडे पाप उरलं नाही. कवठं महिन्यापूर्वीच उतरवून झाली होती. एखादं जरी फांदीला राहिलं असतं, तरी ह्या माणसाने त्याला थनाख्याचं फळ म्हणूनच हातात घेतलं असतं. ह्याच्या क्रीममध्ये कवठ गेलं काय नि कुंपणाची काठी गेली काय, वास तर गुलाबाचाच येणार.

पण यिनमे? ती ह्याच कुंपणावर चढून कवठं पाडत मोठी झालेली. तिला दिसत नव्हतं? की डबी विकता विकता डोळेही तिकडेच विकले? आणि दिसत असेल, तर साहेबाच्या मर्जीसाठी तोंड उघडेल?

तेवढ्यात साहेबाने शेवटची फीत लेकीपुढे धरली. "पाचवं तुम्ही सांगा. तुमचं घर आहे."

यिनमे फीत घेऊन घरामागे चालायला लागली. पोरगी ओळीतल्या पहिल्या झाडापाशी उभी राहिली. सालीवर तळवा ठेवला. मग तोच तळवा नाकाशी नेला आणि तशीच थांबली.

साहेब घड्याळ बघत होता.

ती वळली, आईकडे न बघता कुंपणापाशी आली आणि सगळ्यांत जाड कवठाला फीत बांधली. गाठही घट्ट मारली, दोनदा.

"हे बघा साहेब. ह्याच्याइतकं जुनं तुम्हाला जिल्ह्यात मिळायचं नाही."

साहेबाने झाडाचा फोटो काढला. यिनमेला म्हणाला, नजर आहे तुम्हाला. करवतवाले सोमवारी येतील. मग पांढरे बूट झटकत मोटारीत जाऊन बसला. यिनमे संध्याकाळच्या बसने येते म्हणाली.

मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत मायलेकी कुंपणापाशी उभ्या होत्या. मग यिनमे ओसरीवर गेली, रांजणातलं पाणी घेऊन तोंड खसखसून धुतलं आणि सहाणीसमोर गाल पुढे करून बसली, लहानपणी बसायची तशी. न्योसेनने उगाळलेल्या लेपात बोटं बुडवली.

"आई," यिनमे डोळे मिटून म्हणाली, "पुढच्या वर्षी चटणी कशाची करशील?"

न्योसेनने तिच्या दुसऱ्या गालावर गोल काढला. त्या एका गोष्टीचं तिलाही वाईट वाटत होतं.