साहेबांचे मासे आणि शेवटची ओळ

"दाराच्या कडीला गं, आधी पुसावं नाव,
कोण तू, कुणाकडची, सांग बाई गाव."

लहानपणी दारावर थाप पडली की आत्या हे गुणगुणतच उठायची. वर भाचीला बजावायची, "दार लावायचं तर लाव गं, पण आत कोण, बाहेर कोण, ते बघून लाव."

त्या भाचीला आता ऑफिसात सगळे वायरताई म्हणत. तिचं दार म्हणजे स्विच, कपाटातली चपटी पेटी. सगळ्या कॉम्प्युटरांच्या माहितीची ये-जा तिच्यातून चाले. गेले काही दिवस ती ये-जा रांगत होती, आणि साहेबांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता: टपालकाका. का, तर पाकिटं चिकटवताना ते इंटरनेटवरची गाणी कानात लावत.

"संध्याकाळी त्यांची बदली गोदामात," साहेब म्हणाले. "आणि तू ही फालतू ये-जा बंद कर."

काकांचे कुरकुरणारे गुडघे आणि गोदामाचा तो उभा जिना वायरताईच्या डोळ्यांपुढे आला. तिला आणखीही एक दिसत होतं. सगळ्यात मोठा लोंढा साहेबांच्याच खोलीत जात होता. घरच्या काचेच्या टाकीसमोर त्यांनी कॅमेरा लावला होता, आणि फायलींच्या आडून ते दिवसभर आपले मासे न्याहाळत.

पण तिच्या जिभेवर नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच गाळणी बसलेली. तिच्यातून दोनच शब्द पार होत.

"होय साहेब."

ती पेटीचे नियम लिहायला बसली, तशी खुर्चीमागे रांग लागली.

"त्या विक्रीवाल्यांचे सिनेमे आधी बंद कर," हिशेबाच्या बाई म्हणाल्या.

"आणि बाईंची कपड्यांची दुकानं?" विक्रीवाला फणकारला. "ती काय देवाघरची?"

प्रत्येकाला शेजाऱ्याचं तेवढं फालतू. मनाईवर मनाई रचत गेली. तळाशी वायरताईनं एक ओळ घातली: बाकी सगळ्यांना जाऊ द्या.

"ही कशाला?" साहेबांनी भुवई उडवली.

"पेटी वरून खाली वाचते, साहेब. ज्याला कुणी जा म्हटलं नाही, त्याला शेवटी अडवतेच. म्हणून ही हवी."

"बाकी सगळ्यांना? ही काय धर्मशाळा आहे? खोड ती!"

"मग तुमच्या खोलीला तरी जाऊ द्या, असं वर लिहू?"

"माझं नाव? असल्या यादीत?"

"होय साहेब. म्हणजे, नाही साहेब."

तिनं ओळ खोडली, यादी लागू केली. आणि ऑफिस असं गप्प झालं, जसं मांजर दिसल्यावर पाखरांचं झाड. हिशेब थांबला, विक्री थांबली, तिचा स्वतःचाही पडदा गोठला. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड! ती लॅपटॉप आणि वायर घेऊन थेट कपाटाशी गेली, पेटीशी समोरासमोर बोलायला.

मागून काका आले, काखेत डबा, हातात आपल्या खुर्चीवरची उशी. "जातो गं पोरी. गाणंही बंद झालं, बरं झालं."

तेवढ्यात साहेब धावत आले. "अगं, माझं फार महत्त्वाचं काम अडलंय! आत्ताच्या आत्ता उघड! आणि हे काका अजून इथंच? यांच्यामुळंच तर..."

वायरताईनं ती खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. बोट कळीवर ठेवलं. आत कोण, बाहेर कोण, ते एकदा नीट पाहिलं.

"साहेब, ती गर्दी काकांच्या गाण्यांची नव्हती. तुमच्या माशांची होती."