नखावरची लाली

तलवाड्यात कुणी गेलं की आधी आश्रुबाला बोलावणं जाई. तिरडी बांधायला घेण्याआधी तो मेलेल्याचं नख अंगठ्याने दाबून धरी आणि सोडून पाही. दाबलेलं नख पांढरं पडतं. रक्त वाहतं असेल तर लगेच लाली परतते. परतली नाही की तो "उचला" म्हणे. एकदा मात्र बंकट सुताराच्या आईच्या नखावर लाली हळूहळू चढली, तेव्हा तो म्हणाला, "थांबा, लाली येतीये अजून." आणलेले बांबू भिंतीला टेकवून लोक अंगणात बसून राहिले. म्हातारी संध्याकाळी गेली, मग तिला उचललं. तेव्हापासून आश्रुबाचा शब्द कुणी मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा ताठाही होता.

प्लेगाच्या साली तो गेवराईला बहिणीकडे गेला आणि रस्ते बंद झाल्याने तिथेच अडकला. तलवाड्याहून येणारी प्रत्येक बातमी आधीच्या बातमीपेक्षा वाईट होती. त्याच्या बायकोचं, केसरबाईचं, काय झालं ते मात्र कुणाला सांगता येईना. वाट खुली होताच तो कुठे न टेकता चालत आला आणि तिला दारात ज्वारी पाखडताना पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. उंबऱ्यावर बसून तो लहान पोरासारखा रडला.

गावात सगळे होते. बंकट रंधा मारत होता, विठ्ठलराव पाटलांनी हाक मारून खुशाली विचारली. सगळे त्याच्याकडे जरा जास्तच मायेने पाहत होते.

जेवताना भाकरी वाढणारा केसरबाईचा हात त्याने धरला आणि सवयीने नख दाबलं.

"जित्या माणसाचीबी खात्री न्हाई का तुमाला?" ती हसली.

त्याने अंगठा उचलला. नख पांढरंच राहिलं. तिने हात सोडवून घेतला, तव्यावरची भाकरी उलटली, चुलीतलं लाकूड पुढे सारलं, तरी ते पांढरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने काहीतरी निमित्त काढून बंकटचा हात धरला, मग पाटलांचा. लाली कुठेच परतली नाही. "उचला" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता, पण तो सांगायचा कुणाला आणि उचलणार तरी कोण? शेवटी त्याने ठरवलं की आता कुणाचं नख पाहायचं नाही. केसरबाई बोलत होती, त्याच्यासाठी भाकऱ्या थापत होती. त्याला ती हवी होती, मग ती कशीही असो.

दिवस कलताना ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"मला बघू द्या," म्हणत तिने त्याचं नख दाबलं आणि सोडलं. दोघंही पाहत राहिले. नख लगेच लालबुंद झालं. केसरबाईचे डोळे भरून आले.

"लई तरास होतोय का?" तिने विचारलं.

"मला काय झालंय?"

त्याच्या पाठीवरून हात फिरवून ती उठली आणि दाराशी गेली. अंगणात बंकट, पाटील आणि आणखी चौघे जण उभे होते.

"थांबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "लाली येतीये अजून."

आणलेले बांबू भिंतीला टेकवून लोक अंगणात बसले.