फजआ आणि माझा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. इर्बिद नावाच्या अरबी शहरात, एका घरातल्या कपाटात, हिवाळी गोधड्यांखाली पडून असतो. माझा पडदा तडकला आहे. पण मला खरा त्रास होतो तो शिसारीचा. ती इतक्या दिवसांनीही जात नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. अबू सुहैब यांनी मला घेतलं ते मुलासाठी, म्हणजे सुहैबसाठी. तो माझ्यावर फुटबॉल खेळायचा. मग साथ आली, संचारबंदी लागली आणि विद्यापीठ माझ्यातच येऊन बसलं. सुहैबची धाकटी बहीण गैदा त्याच वर्षी औषधशास्त्राला लागली होती. तिच्या आईने, उम्म सुहैब यांनी, पहिल्याच दिवशी माझ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. परक्यांनी घरातली मुलगी बघू नये म्हणून.

"आणि आवाजही बंद ठेव गं, बाहेर काका बसलेत," आई सांगायची.

गैदा बिचारी उत्तरं लिहून पाठवायची. तिची बोटं इतकी भराभर चालत की मला अभिमान वाटायचा. मला असं कुणी कधी वापरलंच नव्हतं.

इकडच्या लोकांत फजआ नावाची रीत आहे. कुणी अडचणीत सापडला की सगळं गणगोत धावून येतं, का म्हणून विचारत नाही. गाडी बंद पडू दे नाहीतर घराला आग लागू दे. रीत चांगलीच म्हणायची. पण या पोरांनी ती परीक्षेला आणली.

संख्याशास्त्राच्या पेपरात सुहैब मागच्या वर्षी नापास झाला होता. म्हणून आता भाऊ-बहीण एकाच वर्गात, एकाच वेळी परीक्षेला. पेपर सुरू होताच वरच्या मजल्यांवरची सगळी चुलत भावंडं माझ्याभोवती जमली. चहाचे पेले माझ्या कळांवर डुगडुगत होते. यांतल्या एकालाही सरासरी काढता येईना.

"अगं गैदा, ये इकडे! फजआ कर!" सुहैब ओरडला.

"माझाही पेपर चालू आहे," आईच्या फोनवर स्वतःचा पेपर लिहीत ती म्हणाली.

तेव्हा वडील म्हणाले, "भावाला एकटं टाकणं ऐब आहे, लाजिरवाणं आहे, बेटा. लोक काय म्हणतील?"

"आणि चोरी ऐब नाही का, बाबा?"

"ही चोरी नाही. हे घर आहे."

गैदाने भावाचा पूर्ण पेपर सोडवला. स्वतःचा शेवटच्या काही मिनिटांत, घाईघाईने उरकला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

दोघांची उत्तरं हुबेहूब निघाली. प्राध्यापकांनी जाब विचारला. आता कुणाचं तरी नाव बुडायला हवं होतं. काका मंडळी बैठकीत बसली, मी समोरच होतो. सुहैबचा साखरपुडा ठरला होता, त्याच्यावर डाग नको, म्हणून दोष गैदाचा ठरला. तिने लिहून पाठवलं, "मी भावाचं पाहून लिहिलं." ते शब्द माझ्याच कळांनी उमटवले आणि मला स्वतःचाही वीट आला. ती नापास झाली, तो पास. संध्याकाळी शेजाऱ्यांना कुनाफा, म्हणजे चीजची मिठाई, वाटला गेला! पोरांना बोटं चाटताना पाहून वाटलं, यांना तरी अन्न गोड कसं लागतं?

पुढच्या परीक्षेला पुन्हा तीच फौज आली, चहा आला. सुहैबने मला उघडलं. मी पासवर्ड मागितला. नेहमीचा चालेना.

"गैदा! काय केलंस?"

"बदललाय," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

"सांग ना! वेळ चाललाय!"

"मला फजआ हवी होती तेव्हा कोण आलं होतं रे?"

वडील ओरडले, आई रडली, काका थयथय नाचले. ती कांदा चिरत राहिली. आणि मित्रांनो, मीही उघडलो नाही. चिडून सुहैबने मला जमिनीवर आपटलं. पडदा तडकला तो तेव्हाच. त्याचा पेपर मात्र हुकला, आणि गैदाने आपला बुडालेला संख्याशास्त्राचा विषय पुढच्या सत्रात आईच्या फोनवर बसून, एकटीने, चांगल्या गुणांनी काढला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, उन्हापासून जपा, आमच्यावर चहा सांडू नका. पण एवढंच केलंत तर मला तुमचीही किळस येईल. तुमच्या घरात जी मुलगी अभ्यास करते, तिचं डोकं उसनं मागू नका.